दहा दिवसांचा हिशोब : मरेक्सची लस आणि तिला पुरून उरलेला विषाणू

कोंबड्यांच्या विषाणूंवर काम करणाऱ्या पशुवैद्यकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "लस दिली होती, तरी मरेक्स कसा आला?" मरेक्स म्हणजे कोंबड्यांना लुळं पाडणारा आणि त्यांच्या अंगात गाठी करणारा विषाणूजन्य रोग. या प्रश्नावरची उत्तरंही ठरलेली असतात. लस वितळवताना चूक झाली, मात्रा कमी पडली, पिलं पहिल्याच आठवड्यात जुन्या धुळीत गेली. बहुतेक वेळा यातलंच एखादं कारण खरं निघतं आणि विषय मिटतो.

याची उलट बाजू मात्र फारसं कुणी विचारत नाही. लस अगदी नीट दिली, पिलं जगली, कळप निरोगी दिसला, तर त्या शेडमधल्या विषाणूचं काय झालं? मेला का तो? या प्रश्नाचं उत्तर शोधायला साठ-सत्तर वर्षांतली निरीक्षणं आणि एक अतिशय साधा प्रयोग लागला. पोल्ट्रीतल्या विषाणूशास्त्राचं मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं प्रकरण हेच.

रोग आणि त्याची चाल

योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्यकाने १९०७ मध्ये बुडापेस्टला चार कोंबड्यांची नोंद केली. चारही नर. पाय आणि पंख लुळे पडलेले, आणि मज्जातंतू सुजून जाड झालेले. त्याला हा मज्जातंतूंचा दाह वाटला, आणि त्याच्यासमोर जे होतं त्यावरून तो निष्कर्ष योग्यच होता. गाठींचा, म्हणजे कॅन्सरचा भाग पुढे १९२०च्या दशकात लक्षात आला. त्यानंतर बराच काळ हा आजार आणि लिम्फॉइड ल्युकोसिस हा कोंबड्यांचाच गाठींचा दुसरा आजार एकाच टोपलीत पडून होते. पीटर बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास इंग्लंडमधल्या हॉटन इथल्या संशोधन केंद्रात हे दोन आजार वेगळे केले आणि एकाला मारेकचं नाव दिलं. १९६७ मध्ये चर्चिल आणि बिग्ज यांनी पेशीसंवर्धनात विषाणू पकडला. तो निघाला हर्पिसविषाणू. गाठी करणारा, झपाट्याने पसरणारा हर्पिसविषाणू त्या काळी बऱ्याच जणांच्या पचनी पडला नव्हता.

पुढचं सगळं समजायला विषाणूचं वेळापत्रक डोक्यात पक्कं हवं. पिलू धुळीतून विषाणू श्वासावाटे आत घेतं. फुप्फुसातल्या भक्षक पेशी तो उचलून प्लीहा, थायमस आणि बर्सा या रोगप्रतिकारक अवयवांपर्यंत नेतात. पहिल्या आठवड्यात तो मुख्यतः बी पेशी या संरक्षक पांढऱ्या पेशी फोडतो, मग टी पेशी या त्यांच्याच दुसऱ्या प्रकारात शिरतो आणि तिथे दडून बसतो. पुढे याच टी पेशींतून गाठी तयार होतात, पण त्याला साधारण तीन-चार आठवडे किंवा अधिक लागतात. दरम्यान विषाणू कातडीत पोचतो आणि पिसांच्या मुळाशी असलेल्या पेशींमध्ये पूर्ण तयार होतो. पेशीबाहेर सुटा राहूनही लागण करू शकेल असा विषाणू फक्त इथेच बनतो. तिथून तो कोंड्यासोबत झडतो, धुळीत मिसळतो आणि पुढच्या पिलाच्या श्वासात जातो. हे झडणं लागण झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी सुरू होतं.

हा दोन आठवड्यांचा आकडा लक्षात असू द्या. सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

झडलेला विषाणू शेडच्या धुळीत कित्येक महिने तग धरतो. आजारी पक्षी उचलून नेला तरी त्याची धूळ मागे उरते. अंड्यातून मात्र हा विषाणू पिलात जात नाही, म्हणजे हॅचरीतून निघालेलं पिलू स्वच्छ असतं. ते जिथे जातं तिथली हवा त्याचं पुढचं ठरवते.

लस आली

१९६०च्या दशकात पोल्ट्री उद्योग या रोगाने हैराण झाला होता. मारेकने पाहिलेला लंगडेपणा आता मागे पडला होता. कोवळ्या पक्ष्यांच्या यकृतात, प्लीहेत, अंडाशयात, कातडीत गाठी दिसत होत्या आणि मोठाले कळप निम्म्यावर येत होते. त्यामुळे लशीवर सगळे तुटून पडले. हॉटनच्या गटाने १९६९ मध्ये विषाणू पेशींत वारंवार वाढवून सौम्य केला. १९७० मध्ये अमेरिकेत ईस्ट लॅन्सिंगच्या प्रयोगशाळेत विटर आणि सहकाऱ्यांनी टर्कीमधला एक निरुपद्रवी नातलग विषाणू वेगळा केला. हाच एचव्हीटी. कोंबडीत तो रोग करत नाही, पण मरेक्सविरुद्ध संरक्षण देतो. नेदरलँड्समध्ये रिस्पेन्स यांनी १९७२ मध्ये सीव्हीआय ९८८ ही लस मांडली. तीच आज 'रिस्पेन्स' नावाने ओळखली जाते.

एचव्हीटीचा परिणाम नाट्यमय होता. गाठींमुळे मांस रद्द होण्याचं प्रमाण झपाट्याने कोसळलं. एका कॅन्सरला लशीने रोखल्याचं व्यवहारात सिद्ध झालेलं हे पहिलं उदाहरण. माणसांसाठी हिपॅटायटिस बीची लस पुढे बऱ्याच वर्षांनी आली.

एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच माहीत होती, आणि कुणी ती लपवलीही नव्हती. लस घेतलेल्या पक्ष्याला गाठी होत नाहीत, पण जंगली विषाणू, म्हणजे लशीतला नव्हे तर शेडमध्ये फिरणारा, त्याच्या अंगात शिरतो, वाढतो आणि पिसांवाटे झडतोही. लस रोगापासून वाचवते, लागणीपासून नाही. अशा लशीला 'गळकी' म्हणतात. त्या वेळी ही बाब तळटीपेत गेली, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. कळप मरत असताना धुळीतले विषाणू मोजत कोण बसेल?

चाळीस वर्षांचा आलेख

१९७०च्या दशकाच्या अखेरीस एचव्हीटी दिलेल्या कळपांतही रोग फुटू लागला. तिथून मिळालेले विषाणू प्रयोगशाळेत तपासले तेव्हा ते जुन्यांहून जहाल निघाले. उपाय म्हणून एचव्हीटीसोबत एसबी १ ही दुसरी लस जोडली, आणि १९८०च्या दशकात ही जोडी चालून गेली. त्या दशकाच्या शेवटी तिच्याही पलीकडचे विषाणू सापडायला लागले. मग रिस्पेन्स लशीचा वापर वाढला.

विटर यांनी १९९७ मध्ये या प्रवासाला शिस्तशीर चौकट दिली. विषाणूंच्या चार पायऱ्या ठरल्या : सौम्य, जहाल, अतिजहाल आणि त्याही वरची 'अतिजहाल अधिक'. पायरी ठरते ती ठरावीक जातीच्या पक्ष्यांत, ठरावीक लशींसमोर विषाणू काय करतो त्यावरून. सगळ्यांत वरच्या पायरीवरचे विषाणू लस न घेतलेल्या पिलात गाठींची वाटच पाहत नाहीत. रोगप्रतिकारक अवयव झिजतात, मेंदूला सूज येते आणि पिलू पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच मरतं.

आलेख सरळ आहे. नवी लस, काही वर्षांची शांतता, मग अधिक जहाल विषाणू. पण या आलेखावरून कारण सिद्ध होत नाही, आणि इथेच बऱ्याच लोकांची घाई होते. त्याच चाळीस वर्षांत बाकीचंही सगळं बदललं होतं. कोंबड्यांच्या जाती बदलल्या, शेड मोठे झाले, गर्दी वाढली, ब्रॉयलरचं आयुष्य काही आठवड्यांवर आलं. लशीने विषाणूला जहाल होऊ दिलं, की उद्योगाने, की दोघांनी मिळून? आलेख यावर गप्प आहे.

साधा प्रयोग

इथे एक जुना सैद्धांतिक मुद्दा कामाला आला. जहाल विषाणूपुढे स्वतःचीच एक अडचण असते : यजमान लवकर मेला तर पसरायला वेळ मिळत नाही. त्यामुळे निसर्गात अतिजहाल प्रकार आपोआप मागे पडतात. गांडों, रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गणित मांडून दाखवलं की गळकी लस नेमका हा अडसर काढून घेऊ शकते. यजमान जगतो आणि जहाल विषाणूला हवा तेवढा वेळ मिळतो. कागदावर हे चोख होतं. टीकाकार मात्र विचारत, प्रत्यक्ष प्राण्यात दाखवा.

त्यांच्यापैकीच अँड्र्यू रीड आणि इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेतले पशुविषाणूशास्त्रज्ञ वेणुगोपाल नायर यांच्या गटाने ते २०१५ मध्ये दाखवलं. कमी-अधिक जहालपणाचे मरेक्सचे विषाणू घेतले. काही पिलांना एचव्हीटी दिली, काहींना नाही. मग सगळ्यांना लागण केली आणि नुसती मरतूक मोजण्यावर न थांबता त्यांनी धूळ गोळा केली. त्या धुळीत विषाणूचा डीएनए किती आहे, हे दिवसागणिक मोजलं. माझ्या मते या प्रयोगाचं सगळं मोल या मोजमापात आहे. लशीच्या चाचणीत 'किती मेले' हा आकडा नेहमी असतो, 'किती झडलं' हा फार क्वचित.

लस न घेतलेल्या पिलांत सर्वांत जहाल विषाणूंनी सुमारे दहा दिवसांत सगळ्यांना मारलं. आता ते दोन आठवडे आठवा. पिसांतून झडणं नीट सुरू व्हायच्या आतच पिलू गेलं, त्यामुळे धुळीत जवळपास काहीच उतरलं नाही. शेजारी ठेवलेल्या निरोगी पिलांपर्यंत विषाणू पोचण्याची सोयच उरली नव्हती. हा विषाणू स्वतःच्या जहालपणापायी निर्वंश होणारा.

तोच विषाणू लस घेतलेल्या पिलात टोचला तेव्हा पिलू जगलं आणि कित्येक आठवडे विषाणू झडत राहिलं. त्याच्या सोबतीला ठेवलेल्या, लस न घेतलेल्या पिलांना लागण झाली आणि ती मेली.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण ती बातम्यांत कुठेच दिसत नाही. कमी जहाल विषाणूच्या बाबतीत लशीने झडणं कमी केलं. त्या विषाणूने लस न घेतलेला पक्षी लवकर मरत नव्हता, भरपूर झडत होता, आणि लशीने त्याला आवर घातला. म्हणजे लस सरसकट विषाणू वाढवत नाही. ती विषाणूंची क्रमवारी उलटवते. लशीविना सौम्य पुढे आणि जहाल मागे. लशीसह जहालालाही रिंगणात जागा.

आणखी एक प्रयोग आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीवर होता. लसवंत कोंबडीच्या पिलाला अंड्यातून प्रतिपिंडं मिळतात. तीही तसंच करतात : पिलाला काही दिवस जास्त जगवतात आणि तेवढ्याने जहाल विषाणूला झडायची मुदत मिळते.

या निकालाचा अर्थ किती ताणायचा

हा शोधनिबंध आला आणि लसविरोधकांनी तो डोक्यावर घेतला. ते वाचन चूक आहे. प्रयोगात मेली ती लस न घेतलेली पिलं. लस घेतलेली वाचली. जहाल विषाणू फिरत असलेल्या जगात लस बंद करणं म्हणजे त्या दहा दिवसांच्या मरणाला कळप मोकळा सोडणं. शिवाय माणसांच्या बऱ्याच लशी लागण आणि प्रसारही मोठ्या प्रमाणात रोखतात. त्यांना हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरी मर्यादा लेखकांनी स्वतःच मान्य केली होती. प्रयोगाने इतकंच दाखवलं की लशीमुळे अतिजहाल विषाणू टिकू *शकतो*. इतिहासात तो लशीमुळेच *घडला*, हे त्यातून निघत नाही. अॅटकिन्स, रीड आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या गणिती अभ्यासात लशीइतकाच कळपाच्या लहान आयुष्याचाही हात दिसत होता. पक्षी तसाही काही आठवड्यांत कापला जाणार असेल, तर त्याला जपून वापरण्याचा विषाणूला फारसा फायदा उरत नाही. घाई करणारा जिंकतो.

तिसरी गोष्ट २०२० मध्ये पुढे आली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बेली आणि सहकाऱ्यांनी लस घेतलेल्या पक्ष्यांकडून लागण झालेल्या सोबती पक्ष्यांकडे बारकाईने पाहिलं. लस घेतलेला पक्षी विषाणू झडतो हे खरंच, पण लस न घेतलेल्या पक्ष्याहून कमी झडतो. त्यामुळे सोबत्याला कमी मात्रा मिळते आणि कमी मात्रेत रोग सौम्य होतो. लस न घेतलेल्या सोबत्यांनाही शेजाऱ्याच्या लशीचा थोडा आडोसा मिळाला. २०१५ च्या निकालाला हा विरोध नाही. तिथे सर्वांत टोकाचे विषाणू होते आणि लस न घेतलेला पक्षी झडायच्या आधीच मरत होता. इथे विषाणू असा होता की दोन्ही प्रकारचे पक्षी झडण्यापर्यंत जगले. कोणता विषाणू, कोणत्या जातीचा पक्षी, किती मात्रा, यावर उत्तर फिरतं. ज्यांना एका ओळीचं उत्तर हवं असतं त्यांची इथे निराशा होते.

विषाणूत नेमकं काय बदललं

मरेक्सच्या विषाणूत 'मेक' नावाचा एक जनुक आहे. १९९२ मध्ये त्याची ओळख पटली. टी पेशींना गाठीच्या वाटेला लावणारा मुख्य दोषी हाच. या जनुकाचं प्रथिन दुसरे जनुक चालू-बंद करतं, म्हणजे ते एक बटण आहे. सौम्य आणि जहाल विषाणूंत या बटणाच्या रचनेत थोडे पण ठरावीक फरक दिसतात.

फरक दिसणं वेगळं आणि तोच कारण असणं वेगळं. बर्लिनमध्ये काउफर यांच्या प्रयोगशाळेत कॉनराडी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याची थेट परीक्षा घेतली. विषाणू एकच ठेवला आणि त्यात फक्त मेक बदलत गेले : कधी सौम्य विषाणूचा, कधी अतिजहालाचा. सौम्य मेक घातला की रोग ओसरला. सर्वांत वरच्या पायरीचा मेक घातला की विषाणूने लस घेतलेल्या पक्ष्यातही डोकं वर काढलं. सुमारे एक लाख ऐंशी हजार अक्षरांच्या जनुकसंचातल्या मोजक्या अक्षरांनी एवढा फरक पाडला. हा प्रयोग मांडणीच्या दृष्टीने मला २०१५ च्या प्रयोगाइतकाच देखणा वाटतो.

मग २०२३ मध्ये एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला. फिडमन आणि सहकाऱ्यांनी उत्खननात मिळालेल्या, हजारेक वर्षांपर्यंत जुन्या कोंबड्यांच्या हाडांतून मरेक्सच्या विषाणूचा डीएनए काढला. विषाणू तेव्हाही होता. त्याचा प्राचीन मेक पुन्हा तयार करून पेशींत तपासला तर ते बटण दुर्बळ निघालं, म्हणजे जुना विषाणू बहुधा गाठी करतच नव्हता. मारेकला १९०७ मध्ये गाठी का दिसल्या नाहीत याचंही उत्तर यात असू शकेल, पण चार कोंबड्यांवरून मी ते म्हणणार नाही. या हाडांनी लशीवरचा थोडा भार मात्र हलका केला. कळप कोवळ्या वयातच गाठींनी मरू लागले होते ते लस येण्याआधी. विषाणू जहालपणाच्या वाटेला लागला तेव्हा लस जगात नव्हती.

शेडमध्ये परत

सुरुवातीचा प्रश्न अजून तसाच आहे : लस दिली होती, तरी कसा आला?

मरेक्सची लस ही जिवंत पेशींमधली लस. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवावी लागते, कारण पेशी मेल्या की आतला विषाणूही गेला. एचव्हीटीचा पेशीविरहित प्रकार निघतो, रिस्पेन्सचा नाही. अँप्यूल, म्हणजे लशीची बंद काचकुपी, वितळवणं, द्रावणात मिसळणं आणि ठरल्या वेळेत संपवणं या तीन टप्प्यांत निम्मी लस हकनाक मरू शकते आणि बाटलीकडे पाहून कुणाला पत्ता लागत नाही. १९९० च्या दशकापासून कित्येक हॅचऱ्यांत ही लस उबवणीच्या अठराव्या दिवशी थेट अंड्यात देतात. त्यामागचा विचार असा की प्रतिकारशक्ती तयार व्हायला लागणारा आठवडा पिलू शेडमध्ये पोचण्याआधीच मोजायला सुरुवात व्हावी. जुनी धूळ न काढता नवी पिलं भरली तर ही शर्यत विषाणू जिंकतो.

धूळ हीच आता तपासणीची जागा झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शेडमधली धूळ पीसीआरने तपासून विषाणूवर नजर ठेवायची पद्धत विकसित केली. पेनसिल्व्हेनियातल्या व्यावसायिक फार्मांवर असाच धुळीचा मागोवा घेतला तेव्हा फार्माफार्मांत प्रचंड फरक निघाला. एके ठिकाणी विषाणूचा डोंगर, दुसरीकडे मागमूसही नाही. अशा ठिकाणी मरतुकीची वही वाचून काहीच कळलं नसतं, कारण लसवंत कळपात मरतूक मुळात कमीच असते.

रिस्पेन्स वापरली असेल तर आणखी एक पेच येतो. ती मरेक्सच्याच जातीच्या विषाणूपासून बनलेली असल्यामुळे साध्या पीसीआरला लस आणि रोग सारखेच दिसतात. पिरब्राइटच्या बेजंट आणि नायर यांनी २०१६ मध्ये त्यावर तोड काढली. पीपी ३८ या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकावरून लशीचा विषाणू आणि जंगली विषाणू वेगवेगळे मोजता येतात, तेही एकाच पिसाच्या टोकात. म्हणून फोनवर कुणी तो जुना प्रश्न विचारला की मी आधी लशीची पावती मागत नाही, तीन आठवड्यांच्या काही पक्ष्यांची वाढती पिसं मागतो. पिसांत लशीचा विषाणूच नसेल तर हॅचरीशी बोलायचं. लशीचा भरपूर आहे आणि जंगलीही भरपूर आहे, तर लस आपलं काम करते आहे आणि विषाणूही. तेव्हा बोलणं धुळीवर येतं : मागचा कळप कधी काढला, तूस बदललं का, आणि शेड किती दिवस रिकामा ठेवला होता.